कोंबड्यांच्या श्वसनरोगासाठी निदान-चाचणी कशी विकसित करावी: आय.बी. विषाणूच्या आरटी-पीसीआरचे उदाहरण

हिवाळ्यात शेडचे पडदे खाली असताना, रात्री दिवे मालवल्यावर कळपातून घरघर ऐकू येऊ लागली, की पोल्ट्रीधारक आणि पशुवैद्यक यांच्यासमोर एकाच वेळी पाच-सहा नावे उभी राहतात: राणीखेत म्हणजे मानमोडी, इन्फेक्शस ब्राँकायटिस म्हणजे आय.बी., एच९एन२ इन्फ्लुएन्झा, मायकोप्लाझ्मामुळे होणारा दीर्घकालीन श्वसनरोग म्हणजे सी.आर.डी., जिवाणूजन्य सर्दी म्हणजे कोरायझा आणि इन्फेक्शस लॅरिंगोट्रॅकायटिस म्हणजे आय.एल.टी. पुस्तकी लक्षणे वेगवेगळी आहेत. कोरायझात तोंड सुजते आणि दुर्गंधीयुक्त स्राव येतो, आय.एल.टी.मध्ये श्वासनलिकेतून रक्तमिश्रित चिकट पदार्थ निघतो, आय.बी.मध्ये अंड्यांचे कवच सुरकुतते आणि पांढरा बलक पाण्यासारखा पातळ होतो, तर राणीखेतमध्ये हिरवी हगवण आणि मान वाकडी होणे दिसते. मात्र लसीकरण झालेल्या, अर्धवट प्रतिकारशक्ती असलेल्या कळपात ही लक्षणे पुसट होतात आणि त्यावर ई. कोलाय जिवाणूचा दुय्यम संसर्ग बसला की शवविच्छेदनात सगळीकडे सारखाच हवापिशव्यांचा दाह दिसतो. अशा वेळी उपयोगी पडेल अशी प्रयोगशाळेतील चाचणी कशी घडवावी, हे येथे आय.बी. विषाणूच्या रिअल-टाइम आरटी-पीसीआरचे (आरएनएवरून डीएनए बनवून त्याच्या प्रती वाढवणाऱ्या आणि ती वाढ चालू असतानाच मोजणाऱ्या चाचणीचे) उदाहरण घेऊन मांडले आहे. प्रयोगशाळेत पीसीआरची मूलभूत सोय आणि प्रशिक्षित हात आहेत, हे गृहीत धरले आहे.

चाचणीआधी प्रश्न लिहून काढावा

बहुतेक चाचण्या प्रायमरच्या (लक्ष्य जनुकाला चिकटून प्रती सुरू करणाऱ्या छोट्या डीएनए-तुकड्याच्या) चुकीमुळे फसत नाहीत; चाचणीने नेमके कशाचे उत्तर द्यायचे, हे कोणी ठरवलेलेच नसते, म्हणून त्या फसतात. जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेतही चाचणीच्या पडताळणीची सुरुवात ‘कोणत्या हेतूसाठी’ या प्रश्नाने होते. आजारी ब्रॉयलर कळपातील मरतुकीचे कारण शोधणे, ब्रीडर कळप मायकोप्लाझ्मामुक्त असल्याचे प्रमाणित करणे आणि लस ‘चढली’ की नाही हे पाहणे ही तीन वेगळी कामे आहेत. पहिल्यासाठी विषाणूचा अंश शोधणारी चाचणी हवी. दुसऱ्यासाठी एकही बाधित कळप सुटू नये अशी संवेदनशील चाचणी आणि तिच्यामागे खात्री करून देणारी दुसरी चाचणी हवी. तिसऱ्यासाठी रक्तजलातील प्रतिपिंडे मोजणारी एलायझा किंवा एच.आय. (तांबड्या पेशींचे एकत्र गोळा होणे रोखण्यावर आधारलेली) चाचणी पुरते.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. पिल्लांना पहिल्याच आठवड्यात राणीखेतच्या लासोटा किंवा एफ स्ट्रेन, आय.बी.च्या एच१२० यांसारख्या जिवंत लसी डोळ्यांतून वा पाण्यातून दिल्या जातात आणि लसीचा विषाणू पुढे काही आठवडे शरीरात सापडू शकतो. अशा कळपात ‘आय.बी. विषाणू आढळला’ एवढेच सांगणारी चाचणी पशुवैद्यकाला जवळपास काहीच सांगत नाही. रोगाचा विषाणू आणि लसीचा विषाणू यांत फरक करण्याची सोय तिच्यासोबत असावी लागते. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी एका पानावर पुढील गोष्टी लिहाव्यात: पक्षी ब्रॉयलर की लेअर, वय काय, कोणत्या लसी कधी दिल्या, नमुना कोणता, निकाल किती तासांत हवा, तो पाहून कोणता निर्णय घेतला जाणार आणि खोटा होकार व खोटा नकार यांपैकी कोणती चूक महाग पडणार. पुढच्या प्रत्येक टप्प्यावर वाद झाला की हे पान काढून पाहावे.

लक्ष्य जनुकाची निवड

आय.बी. विषाणू हा गॅमा गटातील कोरोनाविषाणू असून त्याचा आरएनए जीनोम सुमारे २७,६०० बेसांचा आहे. त्यातील ५-प्राइम टोकाचा, प्रथिन न बनवणारा भाग बहुतेक सर्व प्रकारांत जवळपास सारखा असतो, तर एस१ हे जनुक अतिशय बदलणारे असते. मॅसॅच्युसेट्स, ७९३बी, क्यूएक्स असे गट त्यावरूनच ओळखले जातात. म्हणून चाचणी दोन पायऱ्यांची करावी: पहिल्या पायरीत स्थिर भागावर आधारलेली रिअल-टाइम चाचणी विषाणू आहे की नाही ते सांगेल आणि होकार आलेल्या नमुन्यांतील एस१च्या बदलत्या भागाची क्रमवारी काढून तो कोणत्या गटाचा, हे दुसरी पायरी ठरवेल. एकाच चाचणीत दोन्ही साधण्याचा मोह टाळावा, कारण सर्वांना पकडणारा प्रायमर फरक दाखवू शकत नाही आणि फरक दाखवणारा प्रायमर नवा प्रकार आला की आंधळा होतो.

हीच रचना इतर रोगांनाही लागू पडते. राणीखेत विषाणू शोधण्यासाठी एम जनुक सोयीचे, पण तीव्रता ठरते एफ प्रथिनाच्या छेदस्थानावर. तेथे ११३ ते ११६ या स्थानांवर किमान तीन आर्जिनिन वा लायसिन आणि ११७व्या स्थानावर फेनिलअॅलॅनिन असल्यास विषाणू तीव्र मानला जातो, तर लासोटासारख्या लसीच्या विषाणूत ११७व्या स्थानावर ल्युसिन असते. इन्फ्लुएन्झा ए साठी एम जनुक, तर मायकोप्लाझ्मा गॅलिसेप्टिकमसाठी एमजीसी२ हे जनुक प्रचलित आहे. आय.एल.टी.चा विषाणू डीएनए प्रकारचा असल्यामुळे त्यासाठी रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शनची, म्हणजे आरएनएवरून डीएनए बनवण्याची, पायरीच लागत नाही.

प्रायमर ठरवण्यापूर्वी सार्वजनिक जनुक-संग्रहातून उपलब्ध क्रमवाऱ्या उतरवून, त्यांत भारतीय नमुन्यांच्या आवर्जून घेऊन, एकाखाली एक मांडून पाहाव्यात. गुणन होणारा भाग साधारण ७० ते १५० बेसांचा ठेवावा, प्रायमरचे वितळण तापमान ५८ ते ६० अंशांच्या आसपास आणि प्रोबचे (प्रती वाढताना प्रकाशाचा संकेत देणाऱ्या तुकड्याचे) त्याहून ८ ते १० अंश अधिक असावे, प्रोबची सुरुवात ग्वानिनने होऊ नये आणि प्रायमरच्या ३-प्राइम टोकाकडील शेवटच्या पाच बेसांत शक्यतो एकही विसंगती नसावी. मधल्या भागात एखादी विसंगती चालून जाते. टोकाकडची मात्र चाचणीला बहिरे करते. येथे एक मर्यादा आधीच नोंदवून ठेवावी: स्थिर भागावर आधारलेली ही चाचणी टर्कीमधील जवळच्या कोरोनाविषाणूलाही होकार देऊ शकते. कोंबड्यांच्या कळपासाठी त्याने फारसे बिघडत नाही, पण अहवालात ‘फक्त आय.बी.’ असा दावा करण्यापूर्वी हे ठाऊक असले पाहिजे.

नमुना कसा घ्यावा

चाचणी विकसित करणारे लोक बहुधा प्रयोगशाळेत असतात आणि नमुना शेडवर घेतला जातो. या दोन ठिकाणांमधील अंतरात बराचसा आरएनए नष्ट होतो. म्हणून नमुना घेण्याची पद्धत हाही चाचणीचाच भाग मानून तिची पडताळणी करावी. स्वाब पॉलिएस्टर किंवा रेयॉनच्या टोकाचा आणि प्लॅस्टिकच्या काडीचा असावा. कॅल्शियम अल्जिनेटचे टोक आणि लाकडी काडी पीसीआरला अडथळा आणतात. आजार सुरू होऊन आठवडा उलटण्याआधी श्वासनलिकेचा किंवा टाळूच्या खाचेचा स्वाब उत्तम असतो. त्यानंतर आय.बी. विषाणू श्वासनलिकेतून कमी होत जातो, पण सीकल टॉन्सिल (आतड्याच्या आंधळ्या शाखांच्या तोंडाजवळील ऊती) आणि मूत्रपिंडात अधिक काळ सापडतो, म्हणून उशिरा पोहोचलेल्या पशुवैद्यकाने मेलेल्या पक्ष्यांतून हे अवयव घ्यावेत. मूत्रपिंडे सुजलेली, फिकट आणि युरेटने (यूरिक आम्लाच्या पांढऱ्या क्षारांनी) भरलेली दिसत असतील, तर ती सोडूच नयेत. आजाराने आधीच मरणपंथाला लागलेल्या पक्ष्यांपेक्षा नुकतीच शिंक-घरघर सुरू झालेले पक्षी निवडणे अधिक फलदायी ठरते.

स्वाब प्रतिजैविक घातलेल्या वाहक द्रवात, बर्फावर ४ अंशांना ठेवून पाठवावा आणि दोन-तीन दिवसांत तपासता येणार नसेल तर उणे ७० अंशांखाली साठवावा. घरच्या फ्रिजच्या फ्रीजरमध्ये वारंवार गोठून-वितळून आलेला नमुना मात्र नकारार्थी निकालाला लायक नसतो. त्याच स्वाबवर कोरायझा किंवा मायकोप्लाझ्माची वाढही करून पाहायची असेल, तर प्रतिजैविके घातलेला द्रव चालणार नाही. मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिका नसल्यामुळे पेनिसिलिन त्याला बाधत नाही, पण टेट्रासायक्लिन किंवा टायलोसिन त्याची वाढ रोखते. त्यामुळे दोन स्वाब वेगळे घ्यावेत. नवापूर, विटा किंवा मराठवाड्यातून एप्रिल-मेच्या उन्हात नमुने यायचे असतील, तर विषाणू निष्क्रिय करून न्यूक्लिक अॅसिड टिकवणारे एफटीए कार्ड ही चांगली सोय आहे. मात्र त्यावरील विषाणू वाढवता येत नाही आणि कार्डावरून काढलेल्या आरएनएची मात्रा कमी भरते, म्हणून कार्डासाठी संवेदनशीलता वेगळी मोजावी लागते.

सुरक्षिततेची एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. अचानक मोठी मरतूक, निळसर तुरे आणि सुजलेली डोकी दिसत असतील, तर अतितीव्र बर्ड फ्लूची शंका धरून शवविच्छेदन न करता जिल्हा पशुसंवर्धन यंत्रणेला कळवावे. भारतात एच५एन१ची पहिली नोंद फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला झाली आणि अशा नमुन्यांची खात्री करण्याचे काम भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे आहे. पश्चिम विभागातील इतर तपासण्यांसाठी पुण्यात औंध येथे प्रादेशिक रोगनिदान प्रयोगशाळा आहे. राणीखेत आणि अतितीव्र बर्ड फ्लू हे २००९च्या प्राण्यांतील सांसर्गिक रोग कायद्याखाली अधिसूचित असल्यामुळे त्यांचा होकार दडवून ठेवता येत नाही, आणि पक्ष्यांना प्रयोगासाठी संसर्ग द्यायचा असल्यास संस्थेच्या प्राणी-नीतिसमितीची परवानगी आधी घ्यावी लागते.

बाकावरचे काम

आरएनए काढण्यासाठी स्तंभ किंवा चुंबकीय मणी यांपैकी कोणतीही पद्धत चालते. ती एकदा ठरली की पडताळणी संपेपर्यंत बदलू नये. एकाच नळीत होणाऱ्या आरटी-पीसीआरसाठी ५० अंशांवर रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शन, नंतर ९५ अंशांवर सक्रियीकरण आणि पुढे ९५ व ६० अंशांची ४० चक्रे ही सुरुवातीची मांडणी पुरेशी आहे. प्रायमर २०० ते ९०० आणि प्रोब ५० ते २५० नॅनोमोलर यांच्या दरम्यान बुद्धिबळाच्या पटासारखे बदलत, सर्वांत कमी सीटी (संकेत ठरावीक पातळी ओलांडतो ते चक्र) आणि सर्वांत उंच आलेख देणारी जोडी निवडावी.

मोजमापासाठी प्रमाणित आरएनए स्वतः तयार करावा. लक्ष्य भाग, आरएनए बनवणे सुरू करणारा टी७ प्रवर्तक असलेल्या प्लाझ्मिडमध्ये (छोट्या वर्तुळाकार डीएनएमध्ये) घालून त्याचे ट्रान्सक्रिप्शन करावे, डीएनएज देऊन उरलेले प्लाझ्मिड नष्ट करावे आणि आरएनएच्या वजनावरून प्रतींची संख्या काढावी. ५०० बेसांच्या आरएनएचे १० नॅनोग्रॅम म्हणजे सुमारे ३.७५ × १०^१० प्रती होतात. एका मायक्रोलिटरमध्ये एवढ्या प्रती असलेले द्रावण उघड्यावर सांडले, तर ती खोली कित्येक महिने सर्व नमुन्यांना होकार देत राहील. प्रयोगशाळेचा सर्वांत मोठा शत्रू बाहेरचा विषाणू नसून स्वतःचा धन-नियंत्रक (हमखास होकार देणारा नमुना) असतो. म्हणून त्यात मूळ विषाणूत नसलेला छोटा खुणेचा तुकडा घालावा, म्हणजे दूषण झाल्यास ओळखू येते. मिश्रण तयार करणे, नमुना घालणे आणि गुणन ही तीन कामे तीन खोल्यांत करावीत आणि मिश्रणात आधीच्या फेऱ्यांच्या प्रती नष्ट करणारे युरासिल-डीएनए-ग्लायकोसायलेज वापरावे.

प्रत्येक फेरीत चार नियंत्रक असावेत: धन-नियंत्रक, नमुना नसलेले मिश्रण, आरएनए काढण्याच्या पायरीपासून सोबत नेलेला रिकामा नमुना आणि अंतर्गत नियंत्रक. रक्त, विष्ठेतील युरेट किंवा चिकट स्राव यांमुळे गुणन अडले असेल, तर ते फक्त अंतर्गत नियंत्रकच सांगतो. त्यासाठी कोंबडीचे बीटा-अॅक्टिन जनुक वापरल्यास स्वाब नीट घासला गेला की हवेतच फिरवला, हेही कळते. नमुना घेणाऱ्याला हे आवडत नाही, पण ते कळले पाहिजे.

विश्लेषणात्मक पडताळणी

दहापट विरलनांच्या मालिकेवरून आलेख काढल्यास त्याचा उतार −३.१ ते −३.६ च्या दरम्यान यावा, −३.३२ म्हणजे प्रत्येक चक्रात अचूक दुप्पट. शोधमर्यादा काढण्यासाठी मर्यादेच्या आसपास दुप्पट विरलने करून प्रत्येकाच्या २० पुनरावृत्त्या कराव्यात आणि २० पैकी किमान १९ वेळा होकार देणारी सर्वांत कमी मात्रा ही मर्यादा धरावी. हे विरलन शुद्ध पाण्यात केलेले चालत नाही, कारण पाण्यात मिळालेली मर्यादा शेडवरच्या नमुन्यात कधीच मिळत नाही. विषाणूमुक्त पक्ष्यांच्या श्वासनलिकेच्या स्वाबचा द्रव वापरावा.

विशिष्टतेसाठी दोन संच लागतात. पहिल्यात आय.बी.चे उपलब्ध सर्व गट व लसी असतात आणि सर्वांना होकार यायला हवा. दुसऱ्यात राणीखेत, एच९एन२, आय.एल.टी., मेटान्यूमोव्हायरस, दोन्ही मायकोप्लाझ्मा, कोरायझाचा जिवाणू, ऑर्निथोबॅक्टेरियम, ई. कोलाय आणि त्याच वयात दिली जाणारी गंबोरोची लस असते आणि सर्वांना नकार यायला हवा. पुनरावर्तनक्षमता दाखवताना अनेक अहवालांत सीटीचा विचलन-गुणांक ‘फक्त दोन टक्के’ असे अभिमानाने लिहिलेले असते. सीटी हे लॉगप्रमाणातील माप असल्यामुळे तो नेहमीच लहान दिसतो. सीटी ३० वर दोन टक्के म्हणजे ०.६ चक्र, म्हणजे प्रतींत सुमारे दीडपट फरक. विचलन प्रतींच्या संख्येत काढावे.

शेडवरच्या नमुन्यांवर पडताळणी

संवेदनशीलता (बाधित पक्ष्यांपैकी किती टक्क्यांना होकार येतो) ९५ टक्के अपेक्षित धरून ती ±५ टक्क्यांच्या अचूकतेने मोजायची असल्यास ७३ खरोखर बाधित पक्षी लागतात. अचूकता ±२ टक्के हवी असल्यास ही संख्या ४५७ होते. मात्र दोनच कळपांतून घेतलेले ७३ पक्षी हे ७३ स्वतंत्र पुरावे नव्हेत, त्यामुळे कळपांची, जिल्ह्यांची आणि ऋतूंची संख्या वाढवावी. नकारार्थी गटात केवळ विषाणूमुक्त, निरोगी पक्षी घेण्याचीही सवय असते. खरी कसोटी लागते ती दुसऱ्या श्वसनरोगाने आजारी असलेल्या, पण आय.बी. नसलेल्या पक्ष्यांवर. तसेच प्रयोगात संसर्ग दिलेल्या पिल्लांत विषाणू भरपूर असतो, म्हणून केवळ त्यांच्यावरून काढलेली संवेदनशीलता फसवी असते.

तुलनेसाठी ९ ते ११ दिवसांच्या भ्रूणयुक्त, विषाणूमुक्त अंड्यांत विषाणू वाढवणे ही जुनी पद्धत आहे. आय.बी.मुळे भ्रूण खुरटतो आणि आक्रसून गोळा होतो, पण हे दिसायला अनेकदा तीन किंवा अधिक फेऱ्या लागतात. अंड्यातील द्रवाने कोंबडीच्या तांबड्या पेशी थेट एकत्र गोळा झाल्या, तर आधी राणीखेत किंवा इन्फ्लुएन्झाचा विचार करावा, कारण आय.बी. विषाणू विशेष प्रक्रिया केल्याखेरीज तसे करत नाही. ही पद्धत पीसीआरपेक्षा कमी संवेदनशील असल्यामुळे तिलाच अंतिम सत्य मानल्यास नव्या चाचणीचे खरे होकार ‘खोटे’ ठरतात. केवळ मतभेद झालेले नमुने तिसऱ्या चाचणीने तपासून आकडे सुधारून घेण्याची पद्धतही पक्षपाती आहे. दोन्ही चाचण्या अपूर्ण आहेत असे मानून आकडे काढणारे सुप्तवर्ग प्रारूप वापरावे आणि त्यासाठी संख्याशास्त्रज्ञाला नमुने गोळा करण्याआधी भेटावे, नंतर नव्हे.

कट-ऑफ (ज्या सीटीपर्यंत होकार धरायचा ती मर्यादा) हा ४० चक्रे पूर्ण झाली म्हणून ४० ठेवायचा नसतो. तो या नमुन्यांवरून ठरवावा आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे संदिग्ध पट्टा राखून त्यातील पक्ष्यांचे नवे नमुने मागवावेत. कळपाच्या पातळीवरचे गणित वेगळे असते. दहा टक्के पक्षी बाधित असतील आणि किमान एक सापडण्याची ९५ टक्के खात्री हवी असेल, तर २९ पक्षी तपासावे लागतात. चाचणीची संवेदनशीलता ९० टक्के असल्यास ३२. पण विशिष्टता (बाधित नसलेल्यांपैकी किती टक्क्यांना नकार येतो) ९८ टक्के असलेल्या चाचणीने ३० पक्षी एकेक तपासून ‘एकही होकार म्हणजे कळप बाधित’ असा नियम लावला, तर पूर्ण निरोगी कळपही ४५ टक्के वेळा बाधित ठरेल. खर्च वाचवण्यासाठी पाच स्वाब एकत्र केल्यास सीटी सुमारे २.३ चक्रांनी वाढतो, त्यामुळे एकत्रित नमुन्याला स्वतंत्र कट-ऑफ लागतो.

यानंतर किमान तीन प्रयोगशाळांना सांकेतिक क्रमांक घातलेले वीसेक नमुने पाठवून निकाल जुळतात का ते पाहावे. चाचणी वापरात आल्यावरही वर्षातून एकदा नव्या क्रमवाऱ्यांशी प्रायमर ताडून पाहावेत आणि अभिकर्मकांचा प्रत्येक नवा लॉट जुन्याच्या शेजारी ठेवून तपासावा.

अहवालाची भाषा

‘आय.बी. पॉझिटिव्ह’ हे दोन शब्द लिहून अहवाल देऊ नये. विषाणूचा आरएनए कोणत्या अवयवात आढळला, सीटी किती, एस१ची क्रमवारी कोणत्या गटाशी जुळते आणि कळपाला कोणती लस किती दिवसांपूर्वी दिली होती, हे एकत्र लिहावे. लस मॅसॅच्युसेट्स गटाची आणि सापडलेला विषाणू ७९३बी गटाचा असेल, तर बाहेरचा संसर्ग झाला असे म्हणता येते. मात्र ७९३बी गटाची लस शेजारच्या फार्मवर दिली जाते का, हेही विचारावे. लस आणि सापडलेला विषाणू एकाच गटाचे असतील, तर केवळ क्रमवारीवरून बाहेरचा संसर्ग ठरत नाही, असे अहवालात स्पष्ट लिहावे आणि सोबत मूत्रपिंडाचे नमुने, त्याच शेडमधील निरोगी पक्ष्यांचे स्वाब तसेच आजाराच्या सुरुवातीचे व दोन-तीन आठवड्यांनंतरचे असे जोड रक्तजल मागवावे.